कंसातली माणसं

समाजशास्त्राच्या पेपरात साधं विधान कधी एकटं हिंडत नाही. ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ हे वाक्य चौथीतलं पोर निबंधाच्या पहिल्या ओळीत बेधडक ठोकून देतं आणि बाई त्याला पुरावा विचारत नाहीत. तेच पोर पुढे पीएच.डी.ला बसलं की लिहितं, ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे (अमुक, २०११, तमुक, २०१४, फलाणे व बिस्ताने, २०१७).’ मधल्या काळात शेतीचं काय झालं ते देव जाणे, वाक्याला मात्र चार साक्षीदार मिळाले. आणि दोन पानं पुढे गेलं की त्याच पेपरात हे वाक्य भेटतं: ‘ग्रामीण भागातील स्त्रियांमध्ये आमूलाग्र जागृती झाली असून पारंपरिक मानसिकता पूर्णपणे बदलली आहे.’ इथे कंस नाही आणि साक्षीदारही कोणी नाही. जे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे त्याला चार साक्षीदार, आणि जे जगात अजून कोणालाच कळलेलं नाही ते लेखकाच्या शब्दावर, असा आपल्याकडे संदर्भांचा रिवाज आहे.

हे कंस आले कुठून? हार्वर्ड विद्यापीठात एडवर्ड लॉरेन्स मार्क नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होते. १८८१ साली त्यांनी पाठीवर शंख नसलेल्या एका गोगलगायीच्या अंड्यांवर लांबलचक निबंध लिहिला आणि त्यात लेखकाचं नाव व साल कंसात टाकण्याची सोय काढली. ‘हार्वर्ड पद्धती’चं मूळ म्हणून आज याच निबंधाकडे बोट दाखवतात. म्हणजे माणसांच्या समाजाचा अभ्यास करणारे आपण ज्या कंसात दाटीवाटीने बसतो, तो कंस गोगलगायीच्या मागून आला. पीएच.डी. पूर्ण व्हायला लागणारा काळ पाहता यात विसंगत असं काही वाटत नाही.

पुढे १९२८ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्र आणि मानवशास्त्र या विषयांच्या नियतकालिकांचे संपादक आणि व्यवस्थापक एकत्र बसले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये सात पानी सूचना छापल्या. हीच ‘एपीए’, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या, शैलीची सुरुवात. २०१९ मध्ये तिची सातवी आवृत्ती आली, ती चारशे पानांहून जास्त आहे. स्वल्पविराम कुठे, पूर्णविराम कुठे आणि तिरका ठसा कुठे, एवढं सांगायला चारशे पानं लागली. यातली निम्मी आमच्यासारख्यांनी विचारलेल्या शंकांमुळे वाढली असावीत. आपल्या महाविद्यालयांत मात्र ‘एपीए’ म्हटलं की अर्ध्या स्टाफरूमला ‘एपीआय’ ऐकू येतं, म्हणजे बढतीला पूर्वी मोजले जाणारे गुण, आणि माना ताबडतोब वर होतात.

एपीएचा खरा नियम फार साधा आहे: आडनाव आधी, मग नावाचं आद्याक्षर. मराठी माणसाच्या जिवावर येतो तो हाच. आपल्याला मोठ्या माणसाचं नाव मोकळं घेववत नाही. त्यामुळे प्रबंधाची संदर्भसूची उघडली की ‘म’ या अक्षराखाली नुसती गर्दी उसळलेली असते. महात्मा फुले, महात्मा गांधी, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे, महर्षी धोंडो केशव कर्वे, सगळे एका ओळीत. लोकमान्य ‘ल’मध्ये एकटेच. ‘ड’मध्ये डॉक्टर मंडळी. ‘प’मध्ये प्राचार्य आणि प्राध्यापक, म्हणजे जवळजवळ उरलेला महाराष्ट्र. ज्यांच्या नावामागे ‘कै.’ आहे ते सगळे ‘क’मध्ये. जिवंतपणी ‘ह’मध्ये शेवटी बसणारा माणूस वारला की एकदम वर सरकतो. अशा सूचीत नेमकं पुस्तक शोधायचं तर लेखक कोण हे माहीत असून भागत नाही. तो किती मोठा होता आणि आज हयात आहे की नाही, याचीही चौकशी करावी लागते.

एका मुलीला तिचे गाईड हे समजावून सांगत होते. ती बिचारी पेन हातात धरून थांबली.

“सर, नुसतं ‘फुले, जो.’ असं लिहू? बरं नाही दिसत हो ते.”

“अगं, आदर मनात ठेव. सूचीत आडनाव ठेव.”

तिने बराच विचार केला. मग चेहरा उजळला. “मग ‘फुले, म. जो.’ असं केलं तर?”

‘म.’ म्हणजे महात्मा. एपीएच्या चारशे पानांत ही तरतूद नाही, आणि नाही हे त्यांचंच दुर्दैव.

सालांचा घोळ याहून मजेदार. ‘दुर्खीम (१९५१) यांनी असे प्रतिपादन केले आहे’ असं वाक्य अनेक पेपरांत बिनदिक्कत असतं. समाजशास्त्रज्ञ दुर्खीम १९१७ साली वारले. आत्महत्येवरचा त्यांचा ग्रंथ फ्रेंचमध्ये १८९७ सालचा. १९५१ हे इंग्रजी भाषांतराचं साल. म्हणून नियम सांगतो की दोन्ही सालं तिरकी रेघ मारून लिहा, १८९७/१९५१. पण रेघ मारायची तर पहिलं साल शोधावं लागतं, आणि पहिलं साल शोधायचं तर प्रस्तावना वाचावी लागते. त्यापेक्षा दुर्खीमना मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी प्रतिपादन करायला लावणं सोपं. फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ सालची, पण सूचीत ती २००० नंतरच्या कुठल्यातरी पुनर्मुद्रणाच्या सालानेच येते. पेपर वाचणाऱ्या परदेशी माणसाचा समज होतो की फुले हे सध्याचे एक उमदे लेखक असून एखाद्या परिसंवादाला बोलावल्यास येतील.

जुन्या मराठी पुस्तकांवर तर शके असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते मार्चचा मामला असेल तर ७९, हे आजोबांच्या पिढीला झोपेत यायचं. आता मुखपृष्ठावर ‘शके १८२५’ दिसलं की तो आकडा जसाच्या तसा कंसात जातो. १९०३ सालचं सहकारी पतपेढ्यांवरचं पुस्तक असं पेशवाई बुडाल्यावर सातच वर्षांत निघतं आणि संशोधक त्यावरून ‘सहकाराची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. त्याचाही पुढे कोणीतरी संदर्भ देतोच.

सातव्या आवृत्तीने आणखी एक घाव घातला. प्रकाशनाचं गाव लिहिण्याची गरज नाही असं ठरवून टाकलं. लंडन, न्यूयॉर्कवाल्यांना त्याचं काही वाटलं नाही. पण पुस्तकाखाली प्रकाशकाचं नाव आहे आणि पुढे ‘पुणे’ नाही, ही कल्पना ज्या गावात पेठेसकट पत्ता दिल्याशिवाय पुस्तक विश्वासार्ह वाटत नाही, तिथे पचणं अवघड आहे. पुण्याच्या एका ज्येष्ठ अभ्यासकांनी हा नियम ऐकल्यावर एवढंच विचारलं की मग मुंबईची पुस्तकं ओळखायची कशी.

लेखकांची नावं किती द्यायची यावरही एपीएने विचार केला आहे. वीस लेखकांपर्यंत सगळी नावं द्या. एकवीस किंवा जास्त झाले तर पहिले एकोणीस, मग तीन टिंबं, मग एकदम शेवटचा. म्हणजे एकवीस जणांच्या पेपरात अन्याय होतो तो फक्त विसाव्या माणसावर. हा नियम ज्याने केला त्याने आयुष्यात लग्नपत्रिका छापलेली नसावी. कारण संदर्भसूची आणि लग्नपत्रिका यांचं शास्त्र एकच आहे: कोण आलं याकडे कोणी बघत नाही, कोण राहिलं हे सगळे बघतात. गाईडचे दोन पेपर, विभागप्रमुखांचा एक, ज्यांनी कॉन्फरन्सला बोलावलं त्यांचा एक, आणि व्हायवाला बाहेरून येणाऱ्या परीक्षकांचं एखादं पुस्तक, ही मानाची नावं आधी बसवायची. मग जागा उरली तर विषयाशी संबंधित नावं. बाहेरचे परीक्षक प्रबंध हातात घेतात आणि थेट शेवटून उघडतात, हे ज्याने पाहिलं नाही त्याने व्हायवा पाहिली नाही. त्यांचं बोट सूचीवरून सावकाश खाली येतं, त्यांच्या आडनावाच्या अक्षरापाशी थांबतं, आणि खोलीतला चहा गरम आहे की गार हे त्याच क्षणी ठरतं.

आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. साम्य दहा टक्क्यांपर्यंत माफ; दहा ते चाळीस असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या; चाळीस ते साठ असेल तर वर्षभर प्रबंध सादर करता येणार नाही; साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नियम चांगले आहेत. त्यात एक बारीक कलम आहे: सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य धरायचं नाही. हे वाचून ज्यांनी चौदा शब्दांत स्वतःचं काही म्हणायला शिकावं, त्यांनी तेराव्या शब्दानंतर ‘तथापि’ टाकायला सुरुवात केली. म्हणून अलीकडच्या प्रबंधांत ठरावीक अंतराने ‘तथापि’ येतो, वाक्यात काही विरोध असो वा नसो. दुसरा उपाय समानार्थी शब्दांचा. ‘शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा’ हे साम्य शोधणाऱ्या यंत्राला ओळखीचं वाटलं म्हणून ‘कृषकांची ऋणग्रस्तता’ झालं, तेही ओळखीचं निघालं, मग ‘भूमिपुत्रांची देणेकरी अवस्था’. अहवालात साम्य सहा टक्क्यांवर आलं. ज्या शेतकऱ्याची मुलाखत घेतली होती त्याला वाचून दाखवलं तर हे आपल्याबद्दल आहे हे त्याला ओळखता आलं नसतं. या सगळ्या खटपटीला जेवढा वेळ गेला त्याच्या शंभराव्या हिश्शात अवतरणचिन्हं घालून खाली नाव, साल, पान लिहिता आलं असतं. पण नाव लिहिलं की उसनं आणलेलं दिसतं, आणि संशोधनात उसनं दिसायला नको अशी आपली ठाम समजूत आहे.

संदर्भ चुकला यापेक्षा संदर्भ वाचलाच नाही, हे दुखणं जुनं आहे आणि ते फक्त आपलं नाही. लॉस एंजेलिसमधल्या मिखाईल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधुरी या दोघांनी वीसएक वर्षांपूर्वी याचा छडा लावला. त्यांनी भौतिकशास्त्रातला एक गाजलेला पेपर घेतला. त्याचा उल्लेख ४,३०० वेळा झाला होता आणि त्यातल्या १९६ उल्लेखांत काही ना काही छपाईची चूक होती. पण वेगवेगळ्या चुका भरल्या अवघ्या ४५. पान क्रमांकाची एकच चूक ७८ ठिकाणी, अगदी तशीच. आता १९६ जणांनी मूळ पेपर उघडून आपापल्या धांदलीने चुका केल्या असत्या तर त्यांत काही नावीन्य दिसलं असतं. त्यांनी गणित मांडून अंदाज काढला की संदर्भ देणाऱ्यांपैकी मूळ पेपर वाचणारे वीस टक्क्यांच्या आसपास असावेत. बाकीचे एकमेकांच्या सूचीतून उतरवून घेतात. परीक्षेत कॉपी पकडण्याची ही पद्धत आपल्या शाळामास्तरांना फार आधीपासून ठाऊक आहे. बरोबर उत्तरावरून कोणी पकडलं जात नाही, सारख्या चुकीवरून जातं.

याच्याही पुढची मजल एका पेपराने गाठली. ‘वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला’ अशा अर्थाचं इंग्रजी शीर्षक, लेखक व्हॅन डर गीर, हानराड्स आणि लप्टन, साल २०००, पानं ५१ ते ५९. नाव, साल, पानं, सगळं ठाकठीक. हा पेपर अस्तित्वातच नाही. एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने लेखकांना सूची कशी करावी हे दाखवायला नमुना म्हणून तो रचला होता. कार्यालयातल्या अर्जावर ‘येथे नाव लिहा’ असतं तसलाच प्रकार. लोकांनी नमुन्याचा साचा वापरला, मजकूर आपला भरला, आणि नमुन्याची ओळ तशीच राहू दिली. नेदरलँड्समधल्या एका निवृत्त प्राध्यापकांना ही भुताटकी दिसली, आणि २०१७ साली अ‍ॅन-विल हारझिंग या संशोधिकेने ती सविस्तर मांडली तेव्हा या न लिहिलेल्या पेपराचे उल्लेख चारशेच्या घरात गेले होते. खऱ्या माणसाने खरी पाच वर्षं घालवून लिहिलेल्या पेपराला चार उल्लेख मिळाले तर तो पेढे वाटतो. हे तिघे जन्मालाही न येता चारशेपर्यंत पोचले.

आता तर ही सोय घरोघरी आली आहे. कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला विचारलं की ते दहा संदर्भ काढून देतं. लेखक खऱ्यासारखा, नियतकालिक खरं, खंड-अंक-पान जागच्या जागी, स्वल्पविराम एपीएच्या सातव्या आवृत्तीबरहुकूम, आणि पेपर मात्र नाही. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने आपल्याच सूच्या वाचून शिक्षण घेतलं, आणि आपण त्याला जे सर्वांत नीट शिकवलं ते स्वल्पविराम हेच होतं.

संदर्भ देणं म्हणजे काय हे पाहायचं असेल तर एकच निबंध पुरेसा आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गात पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्यात ते जातीच्या चार व्याख्या घेतात: सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकरांचं जातिसंस्थेवरचं पुस्तक तेव्हा नवंच होतं, १९०९ सालचं. आंबेडकर प्रत्येकाची व्याख्या मांडतात, आणि मग कोणाचं कुठे चुकलं ते एकेकाला समोर बसवल्यासारखं सांगतात. केतकरांची तर ते आधी तारीफ करतात, आणि लगेच दाखवून देतात की त्यांनी सांगितलेली दोन लक्षणं ही एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. ‘अनेक विचारवंतांनी जातीची व्याख्या केली आहे’ म्हणून कंसात चार आडनावं कोंबून पुढे जाता आलं असतं. आज आपण तसंच गेलो असतो. त्यांनी चौघांना वाचलं होतं, म्हणून चौघांशी भांडता आलं. पुढे जात का पसरली हे सांगताना ते फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रिएल तार्द यांच्या अनुकरणाच्या नियमांचा आधार घेतात: वरच्याने केलं की खालचा त्याची नक्कल करतो, आणि पद्धत पसरत जाते.

हा निबंध मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. पुष्कळ सूच्यांत, लेखांत आणि संकेतस्थळांवर त्याची नोंद सापडते ती अशी: ‘खंड ४१, मे १९१७’. आता जरा बोटं मोजा. हे मासिक १८७२ साली सुरू झालं आणि वर्षाला एक खंड निघत गेला. ४१ वा खंड येतो १९१२ साली. १९१७ चा खंड ४६ वा. रोमन अंकांत ४६ लिहिताना मधे एक ‘व्ही’ असतो. तो कधीतरी कोणाच्या तरी हातून गळला असावा आणि ४६ चा ४१ झाला. तेव्हापासून ४१ हाच आकडा एका सूचीतून दुसरीत उतरत आला आहे. ज्या निबंधात नकलेने पद्धती कशा पसरतात ते सांगितलं आहे, त्याच निबंधाचा खंड क्रमांक नकलेने पसरला. तार्द असते तर त्यांनी या उदाहरणाची ताबडतोब नोंद घेतली असती. बहुधा ४१ अशीच.

तर मंडळी, हा निबंध तुमच्या सूचीत असेल तर ४१ चा ४६ करा. पण मी सांगितलं म्हणून करू नका. मे १९१७ चा अंक जुन्या ग्रंथालयांत आहे, संगणकावरही मिळतो. तो उघडा, खंडाचा आकडा डोळ्यांनी बघा, आणि उघडलाच आहे तर निबंधही वाचून टाका, पंधराएक पानांचा तर आहे. मग करा दुरुस्ती. आणि तळटीपेत कृपा करून या लेखाचं नाव घालू नका. विनोदी लेखाला एपीआयचे गुण होते तेव्हाही मिळत नव्हते.